पाण्यात उभं सांबर

आशालता मे महिन्यात रिटायर झाली. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, भाजलेल्या पेशंटांच्या वॉर्डात नर्स म्हणून तिची जवळजवळ सगळी नोकरी गेली होती. घरी बसल्यावर पहिले काही महिने हातांचं काय करावं हेच तिला समजेना. भांडी घासून झाली तरी ती पुन्हा ओटा पुसायची. दिनानाथ, तिचे यजमान, तिच्या आधीच एका इन्शुरन्स कंपनीतून रिटायर झाले होते. त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलेलं, म्हणून ते मनवेलपाड्यातल्या आपल्या बिल्डिंगभोवती चकरा मारायचे, आणि त्याच त्याच गाड्यांना आणि त्याच वॉचमनला बघून कंटाळून वर यायचे. शेवटी दोघांनी ठरवलं की अधूनमधून तुंगारेश्वरच्या जंगलात जायचं. श्रावणातली गर्दी ओसरली की तिथे सकाळी कुणी नसतं.

त्या दिवशी पितृपक्ष चालू होता. देवळात तर अगदीच शुकशुकाट. स्कूटर चंदनसारवरून हायवेला काढून, जंगलाच्या फाटकाशी लावून दोघं रमतगमत देवळापर्यंत चालत आले. दर्शन घेतलं. देवळापाशी कुत्री असतात, येणारेजाणारे टाकतात त्यावर जगणारी. दिनानाथांनी पिशवीतून ग्लुकोजची बिस्किटं काढून त्यांना घातली. हे ते दर वेळी करायचे. मग नेहमीसारखं दोघं देवळामागून ओढ्याच्या कडेकडेने वर निघाले. तिकडे एक सपाट खडक होता, त्याच्यापुढे डोह. तिथे बसून डबा खायचा आणि परतायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. कुत्री मागोमाग आली. आशालताने त्यांना हाकलायचा प्रयत्न केला. दिनानाथ म्हणाले, येऊ देत, थोडं येतील आणि परत फिरतील.

जंगल पावसाने फुगलेलं होतं. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि पाऊस थांबला होता तरी पानापानांतून पाणी गळत होतं. समुद्रावरून आलेले ढग या डोंगराला अडकले की तासन्‌तास हलत नाहीत. तसाच एक ढग माथ्यावर बसला होता.

खडक जवळ आला तेव्हा आवाज आला. मोठा, तुटक, जुन्या मोटारीचा भोंगा दाबून सोडावा तसा. दोघं जागीच थांबली. पुन्हा तसाच आवाज. दिनानाथांनी करवंदीची फांदी हाताने बाजूला केली.

डोहात सांबर उभं होतं.

नर होता. घोड्याएवढा उंच, ओल्याने काळपट झालेला, मानेवरचे केस ताठ उभे. शिंगं अजून लवेत होती, बोटभर जाड मखमल पांघरल्यासारखी. पाणी त्याच्या पोटाला लागत होतं. इतकं मोठं जनावर आपल्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर राहतं हे दोघांनी फक्त फाटकाशी लावलेल्या बोर्डावर वाचलेलं. दिनानाथांनी बायकोचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातला फोन चाचपू लागले. आशालताला हसू फुटलं होतं. किती वेळ ती दोघं तशी उभी होती कुणास ठाऊक.

मग तिच्या लक्षात आलं की ते पळत नाहीये.

त्याने त्यांना पाहिलं होतं. कान त्यांच्याकडे वळले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. त्याने झेप घेतली, आणि मागून कुणीतरी ओढावं तसं ते अर्ध्यातच मागे खेचलं गेलं, पाण्यात एका बाजूला कलंडलं आणि धडपडत उठलं. पाण्याबाहेर आलेला मागचा पाय तिला क्षणभर दिसला. खुराच्या वर तार रुतलेली होती. तारेचं दुसरं टोक पलीकडच्या काठावर एका उंबराच्या मुळाला बांधलेलं. रानडुकरासाठी कुणी तरी फास लावला होता आणि त्यात हे सापडलं होतं. पाय पुन्हा पाण्यात गेला, तशी पाण्यात तांबूस रेघ उमटली आणि वाहून गेली.

आशालताने चपला काढल्या, साडीचा काठ खोचला आणि पाण्यात पाऊल टाकलं. दिनानाथ नको नको म्हणत राहिले. तिने ऐकलं नाही. वेदनेने वेड्या झालेल्या माणसांपाशी जायची तिला सवय होती. हळू जायचं, अंग सैल ठेवायचं, बोलत राहायचं. ती बोलत राहिली. पण माणसाला तो आवाज धीर देतो. सांबराला तो मरणाचा वाटला असावा. त्याने पुन्हा उसळी मारली, पुन्हा आपटलं, आणि या खेपेला उठायला त्याला वेळ लागला. शिंग खडकाला घासून लव सोलवटली आणि तिथून रक्त गळायला लागलं. ती पाठ न फिरवता मागे मागे सरत काठावर आली. आपण जितक्या जवळ जाऊ तितकी ती तार आत जाणार, एवढं तिला कळून चुकलं.

फोनला रेंज नव्हती. कुणीतरी खाली जायलाच हवं होतं. आणि तेवढ्यात कुत्री पोचली.

ती देवळापाशी शेपट्या हलवत होती तेव्हा साधी कुत्री वाटली होती. आता रक्ताच्या वासाने त्यांची अंगं ताणली गेली. त्यांतलं पिवळं, कान फाटलेलं कुत्रं काठावर खाली वाकून गुरगुरायला लागलं. बाकीची पसरून उभी राहिली. दिनानाथांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीतला बिस्किटांचा उरलेला पुडा काढला.

"मी ह्यांना घेऊन खाली जातो," ते म्हणाले. "वनखात्याच्या चौकीवर सांगतो. तू चल माझ्याबरोबर."

"सगळी नाही यायची तुमच्या मागे. मी थांबते."

"आशा, एकटी?"

"हळू जा. धावू नका. छातीत जरासं जरी वाटलं तर बसा."

ते गेले. बिस्किटाचे तुकडे टाकत, मागे वळून बघत. तीन कुत्री त्यांच्या मागे गेली. पिवळं आणि एक काळं तिथेच राहिलं.

यानंतरचा वेळ आशालताने कसा काढला हे तिला पुढे नीट सांगता यायचं नाही. सुरुवातीला तिने दगड उचलून पिवळ्यावर भिरकावला. कुत्रं चार पावलं मागे सरलं, पण दगडाच्या आवाजाने सांबर उसळलं. तिने ओरडून पाहिलं, तेव्हाही तेच. पावसाचे थेंब आले म्हणून तिने छत्री उघडली. त्या फट्‌ आवाजाने आणि काळ्या पसाऱ्याने ते इतकं बिथरलं की मान पाण्याखाली जाईपर्यंत पडलं. तिने छत्री मिटली आणि लांब टाकून दिली. कुत्र्यांना हाकलायला जे जे करावं ते सांबराला भोगावं लागत होतं. काहीच करू नये तर कुत्री पुढे सरकत होती.

शेवटी ती बसल्या बसल्या सरकत कुत्री आणि डोह यांच्या मधे गेली, आणि एका दगडावर पाठ सांबराकडे करून बसली. त्याच्याकडे बघितलं की त्याचे कान थरथरायचे, म्हणून बघायचं नाही. हातात एक काठी धरली, उगारायची नाही, नुसती दिसू द्यायची. पिवळं कुत्रं उठलं की काठी हळूच जमिनीवर ठेवायची आणि परत उचलायची. एवढंच तिला जमत होतं. पाठीमागे त्याचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा, मधूनच अडकणारा.

वॉर्डात असताना रात्रीच्या पाळीला कधी कधी औषध संपलेलं असायचं, डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये असायचे, आणि पेशंट तळमळत असायचा. तेव्हाही ती बसून राहायची. पण तिथे माणूस तिचा हात धरायचा. इथे तिचं असणंच त्याच्या जिवाला घोर होतं, आणि नसणंही.

पाऊस वाढला. ढग आणखी खाली आला आणि पलीकडच्या काठावरचं उंबराचं झाड धूसर झालं. तिच्या डोक्यात आता दोन चिंता होत्या. दिनानाथ पोचले असतील का? मधे कुठे बसले असतील का? ते एकटेच वाटेत पडलेत असं चित्र डोळ्यांसमोर यायला लागलं, आणि उठून धावत जावंसं वाटलं. उठली असती तर कुत्री डोहात शिरली असती. ती उठली नाही. नवरा की हे मुकं जनावर, असा प्रश्न कुणी विचारला असता तर तिने एका क्षणात उत्तर दिलं असतं. तरीही ती उठली नाही, आणि का उठली नाही हे तिला तेव्हाही कळलं नाही.

दुपार उलटल्यावर माणसांचे आवाज आले तेव्हा ती चिंब भिजून कुडकुडत होती. खाकी कपड्यातला चाळिशीचा एक माणूस पुढे होता, खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात तार कापायची पक्कड. वनरक्षक रामनाथ. त्याच्याबरोबर आणखी एक मजूर होता. आणि सगळ्यांच्या मागे, झाडाला धरत धरत, दिनानाथ. त्यांना चौकीवर थांबा म्हणून सांगितलं होतं, पण ते परत चढून आले होते. आशालताने पहिलं काम केलं ते त्यांचं मनगट धरून नाडी बघायचं. फार जोरात चालली होती, पण चुकत नव्हती. तिने त्यांना खडकाला टेकवून बसवलं.

मजुराने कुत्र्यांना ओढ्याच्या खालच्या अंगाला पिटाळलं. रामनाथ डोहाकडे बघत उभा राहिला. तो जवळच्याच गावचा, भातशेतीवाल्या घरातला. खात्यात बरीच वर्षं काढलेली. तो हलक्या आवाजात बोलत होता. बोरिवलीहून डॉक्टरांची गाडी निघाली होती. बंदुकीतून भुलीचं इंजेक्शन मारल्याशिवाय त्या पायातला फास काढता येणार नव्हता. जो जवळ जाईल त्याला सांबर लाथेने मारून टाकेल, नाहीतर घाबरून स्वतः मरेल. म्हणून थांबायचं. पण गाडी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये घोडबंदरजवळ अडकली होती, आणि तिथून पुढचा रस्ता पावसात कसा असतो हे सगळ्यांना माहीत होतं.

ते थांबले. सगळे झाडाच्या आडोशाला, सांबराला दिसणार नाही असे.

पाण्याचा रंग आधी बदलला. स्वच्छ होतं ते मातकट झालं. मग वरून पानं आली, फांद्या आल्या, पांढरा फेस आला. डोंगरमाथ्यावर बराच वेळ कोसळत असलेला पाऊस आता ओढ्यात उतरत होता. पोटाला लागणारं पाणी सांबराच्या पाठीला लागलं. ते काठाकडे सरकायला बघायचं आणि तार त्याला परत खोलात ओढायची.

रामनाथने वॉकीटॉकीवर साहेबांशी बोलायचा प्रयत्न केला. खरखरीतून दोनचार शब्द आले आणि तुटले. त्याने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा खरखर. मग त्याने ते यंत्र कमरेला लावलं आणि आशालताकडे वळला. तुम्ही दोघं आत्ताच उतरा म्हणाला, खालचा ओढ्याचा उतार पाण्याखाली जाईल. ती जागची हलली नाही. दिनानाथही हलले नाहीत.

"तार झाडाकडून कापली तर?" तिने विचारलं.

"फास पायातच राहील, ताई. तारेचं शेपूट घेऊन फिरेल ते."

"आणि नाही कापली तर?"

रामनाथने डोहाकडे पाहिलं. सांबराचं डोकं आणि शिंगं तेवढी आता पाण्यावर होती.

त्याने कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक मजुराने झाडाला वेढा देऊन धरलं. दिनानाथांनीही जाऊन हात लावला. आशालताने त्यांना अडवलं नाही. डोहाच्या वरच्या अंगाला मोठे दगड होते, त्यांवरून रामनाथ पलीकडे निघाला. मधे एकदा त्याचा पाय सुटला आणि छातीपर्यंत पाण्यात गेला. तो पलीकडे पोचून उंबराच्या मुळाशी वाकला, तेव्हा सांबराने त्याला पाहिलं. सगळी ताकद एकवटून ते उलट दिशेला ओढू लागलं. तार तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. पकडीचा पहिला दाब निसटला. दुसराही. तिसऱ्याला तार तुटली.

सांबर सुटलं ते पाण्याखालीच गेलं. आशालताला फक्त मातकट पाणी दिसत होतं. मग खालच्या बाजूला शिंगं वर आली, मान आली. प्रवाहाने त्याला एका खडकावर आपटलं. तिथे त्याचे पुढचे पाय टेकले आणि ते पलीकडच्या काठावर चढलं. मागचा एक पाय ते टेकवत नव्हतं. तार मागून दगडांवर खरखरत गेली. खालच्या अंगाला कुत्री भुंकत होती, पण पाणी इतकं चढलं होतं की त्यांना ओलांडता येईना. कारवीच्या झुडपांत फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि थोड्या वेळाने तोही थांबला.

रामनाथ दोर धरून त्याच दगडांवरून अलीकडे आला. उतरताना तीनदा गुडघाभर पाण्यातून, एकमेकांचे हात धरून जावं लागलं. फाटकाशी पोचले तेव्हा बोरिवलीची गाडी नुकतीच येऊन उभी होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, शर्ली नावाची. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कुठला पाय, तार किती आत गेली, रक्ताचा रंग कसा होता ते विचारलं. आशालताने एका सिस्टरने डॉक्टरला सांगावं तसं नेमकं सांगितलं. डॉक्टरने रामनाथला दोष दिला नाही. बरं झालं असंही ती म्हणाली नाही. उजेड गेला होता. उद्या शोधू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही त्यांनी शोधलं. आशालताने रामनाथचा नंबर घेतला होता. ती रोज फोन करायची. तो सांगायचा: आज वरच्या पठारावर गेलो होतो, आज पारोळच्या बाजूला. खुरांचे ठसे मिळाले, मग पावसाने पुसले. आणखी फास मात्र मिळाले, मोटरसायकलीच्या क्लचच्या तारांचे, ते काढून टाकले. कुणी लावले ते समजलं नाही. "जे होईल ते खरं सांगा," असं तिने त्याला बजावून ठेवलं होतं. दिनानाथ म्हणायचे, त्याला सारखा फोन करू नकोस, त्याला काय कमी कामं आहेत का. पण तिचा फोन संपला की पहिला प्रश्न तेच विचारायचे. कुत्र्यांचा विषय मात्र त्यांनी एकदाच काढला. मी बिस्किटं घातली नसती तर ती वर आली नसती, म्हणाले. ते खोटं आहे असं तिला म्हणता आलं नाही.

नवरात्र बसलं त्या दिवशी दुपारी रामनाथचाच फोन आला. आशालता स्वयंपाकघरात वाल सोलत होती.

पारोळच्या बाजूच्या एका घळीत सांबर सापडलं होतं. मेलं त्याला फार दिवस झाले नव्हते. तुटलेल्या तारेचं लांब टोक दोन खडकांच्या फटीत अडकलं होतं. तिथून ते निघालं नसावं. भोवतालची माती खुरांनी खणून निघालेली होती. रामनाथने हे सगळं एका दमात सांगितलं आणि थांबला. मग तो म्हणाला,

"ताई, एक विचारू? मी कापायला नको होती का?"

वॉर्डात नव्या मुली असंच विचारायच्या. सिस्टर, मी अजून थोडा वेळ थांबायला हवं होतं का? मी आधी हाक मारायला हवी होती का? त्यांना काय सांगायचं ते तिला पाठ झालं होतं. मायेने पाठीवरून हात फिरवून म्हणायची चार वाक्यं. त्यांतलं एकही तिला आत्ता तोंडातून काढवेना. गाडी आणखी थोड्या वेळाने आलीच होती. पण तोवर पाणी कुठवर चढलं असतं, ते तिलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही नाही.

"पाणी वाढत होतं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "पानी वाढत होतं."

फोन तसाच चालू राहिला. तो घळीजवळच कुठेतरी, रेंज मिळेल अशा जागी उभा असावा. मागे माणसांच्या कुदळींचे आवाज येत होते. त्याने ठेवतो म्हटलं नाही, तिनेही ठेवा म्हटलं नाही. दिनानाथ दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खुर्ची ओढून ते समोर बसले आणि ताटातले वाल सोलू लागले.